आजीच्या खदानीतला वरवंटा

नागपूर
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

मेघाताई,
जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला एक वर्ष सात महिने झाले, म्हणून हे पत्र. कणकवलीचा पत्ता शेजारच्या यमुताईंकडून घेतला. त्या द्यायला तयार नव्हत्या. "तुले पत्ता देऊ अन् तिच्या शिव्या मी खाऊ काय?" म्हणाल्या. मग मी त्यांचा कूलर माळ्यावर चढवून दिला, तेव्हा दिला. राग त्यांच्यावर काढू नको. आईच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी जे केलं ते मी केलं नाही, हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. त्यावर आज लिहीत नाही. आज वेगळंच लिहायचं आहे, आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला धड जेवण जात नाहीये.

ताई, आपल्या नागपूरच्या खाली एक तळं आहे.

म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी होतं. फुटाळा नाही, अंबाझरी नाही, ती तर कालची पोरं. पण थांब, मी पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील हा परत कुठंतरी भटकून राहिला.

मी सध्या घरोघरी जेवण पोचवतो. पाठीवर ती मोठी चौकोनी पिशवी असते ना, तेच काम. एकाच कामावर आठ महिने झाले, यमुताई कॅलेंडरवर खुणा करतात. तर सप्टेंबरात माझी दाढ ठणकत होती. रामदासपेठेत एक दातांचा दवाखाना आहे, दुसऱ्या मजल्यावर. मी दुखण्याच्या तंद्रीत एक जिना जास्त चढलो. दार उघडं, आत अंधार, वीसपंचवीस लोक खुर्च्यांवर गप्प बसलेले. मला वाटलं एवढे पेशंट, डॉक्टर चांगला असेल. बसलो. समोर पडद्यावर एक पिवळट, किडलेली, मोठी दाढ. मी शेजारच्या बाईंना विचारलं, "ही काढतील का भरतील?" त्या म्हणाल्या, "ती दाढ नाही. गोगलगाय आहे. दगड झालेली."

असा मी विदर्भ भूविज्ञान मंडळात गेलो. दगडांचा नाद असलेल्या लोकांचं मंडळ आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कॉलेजात शिकवणारे, एक विम्याचे काका, एक होमिओपॅथीवाले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी व्याख्यान, रविवारी कुठंतरी दगड पाहायला जायचं, वर्षातून एकदा प्रदर्शन आणि एक पत्रिका. भिंतीला लाकडी कप्पे, कप्प्यांत दगड, प्रत्येक दगडाखाली एक कार्ड. व्याख्यान संपल्यावर समोसा आला, तेव्हा कुठे दाढ आठवली.

मंडळाचे अध्यक्ष शरच्चंद्र हरकरे सर, वय चौऱ्याहत्तर, कान थोडे कमी, डोळे गरुडाचे. गोगलगाय सांगणाऱ्या त्या वेदिका मॅडम. त्या दगड घासून घासून इतका पातळ करतात की त्याच्यातून उजेड जातो. दगडातून उजेड, ताई. मी पाहिला आहे.

काल त्यांच्याबरोबर सेमिनरी हिल्सच्या मागच्या बाजूला गेलो होतो. एवढी वर्षं मी त्या टेकडीवर काय केलं तर शाळेला दांडी मारून बोरं खाल्ली. सरांनी एका कापलेल्या कड्यापुढे उभं केलं. खाली काळा दगड, वर काळा दगड, मध्ये हातभर राखाडी पट्टा. दोन भाकरींच्या मध्ये ठेचा लावतात तसा. काळा दगड म्हणजे लाव्हा. एक लाव्हा आला, थंड झाला, मग हजारो वर्षं काहीच आलं नाही. त्या सुट्टीत इथे तळं साचलं, गोगलगायी आल्या, काठाला ताडासारखी झाडं वाढली. मग दुसरा लाव्हा आला आणि सगळ्यावर झाकण बसलं. सरांनी माझ्या तळहातावर जी गोगलगाय ठेवली ती माझ्या करंगळीच्या नखाएवढी होती.

आणि त्यांनी मला त्यांचा जुना हातोडा वापरायला दिला. म्हणाले, "दगडाच्या तोंडावर जायचं नाही. उन्हापावसानं, हात लागून त्याचं तोंड बदललेलं असतं. फोडायचा, ताजी कड पाहायची, मगच बोलायचं." हे मंडळात सगळे म्हणतात. ताजी कड पाहिली का? चहा गाळतानासुद्धा म्हणतात.

तुझ्याकडे कोकणात तांबडा दगड असतो ना, जांभा, घरं बांधतात तो? सर म्हणतात तो आपल्यासारख्याच काळ्या दगडापासून झालेला असू शकतो, पावसानं सडून सडून. एक तुकडा ठेव माझ्यासाठी. दवाखान्याच्या कंपाउंडचा तोडू नको, नोकरी जाईल.

बाकी ठीक. तू ठेवायला दिलेला आईचा वरवंटा पलंगाखाली आहे, तिच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. त्यावरून आठवलं, आईनं तो कुठून आणला होता? वजन किती होतं त्याचं? असंच, सहज विचारतो.

तुझा
धम्मा


नागपूर
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं कार्ड आलं. दीड वर्षानंतर तुझं अक्षर पाहिलं. पत्ता सोडला तर एकच ओळ. "वजन किती 'होतं' काहून? 'आहे' काहून नाही?"

अख्ख्या पत्रात मी तळं लिहिलं, लाव्हा लिहिला, दाढ लिहिली, आणि तू पकडलं कुठे, तर एका शब्दात. नर्सबाई आहेस, नाडी कुठे सापडते ते तुला बरोबर माहीत.

वरवंटा फुटला.

नाही. फुटला नाही. मी फोडला.

सांगतो. त्याच रविवारी, सेमिनरी हिल्सहून परत आलो त्या दुपारी. गाडीत वेदिका मॅडमनी मोबाइलवर ताडाच्या लाकडाचा फोटो दाखवला होता, दगड झालेल्या. आडवा कापला की त्याच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात, जवळजवळ, शेकड्यानं. मी तो फोटो पाहिला आणि मला हसू आलं. मॅडम म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, मुंग्या आहेत.

तुला आठवतं ना? वरवंट्याच्या दोन्ही टोकांवरचे ठिपके. मी चार वर्षांचा असेन. तू मला सांगितलं होतंस की त्या मुंग्या चटणी खायला आल्या आणि चिकटून बसल्या. मी कित्येक दिवस त्यांना नखानं सोडवत होतो.

घरी येऊन मी वरवंटा बाहेर काढला. ओला करून उजेडात धरला. मधला भाग वाटून वाटून काचेसारखा गुळगुळीत, तिथे काही दिसेना. टोकांना मुंग्या. डोक्यात एकच, ताजी कड, ताजी कड. हातोडा पिशवीतच होता. उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि घातला एक घाव.

बरोबर मधून दोन तुकडे. आणि आतून ते लाकूड होतं. मुंग्या नव्हत्याच, त्या लांबच लांब दोऱ्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या. झाड पाणी प्यायचं त्या. मी उंबऱ्यात बसून मोठमोठ्यानं हसत होतो. यमुताई बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "कौशल्याचा वरवंटा व्हय ना थो?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं.

आईच्या जलदानाच्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, भांडीकुंडी यमुताईले द्या, पलंग कोणाले पाहिजे त्याले द्या, मले फक्त वरवंटा. आणि बदलीचं ठिकाण ठरेपर्यंत ठेवायला मला दिलास. मला, जो आई गेल्यावर आठव्या दिवशी घरी पोचला होता. का दिलास ते मी तेव्हाही विचारलं नाही.

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं नव्हतं. लुगड्याच्या तुकड्यातच आहे, पलंगाखालीच आहे. फक्त दोन आहेत.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढचं वाच, कारण पुढचं तुझ्याशिवाय होत नाही.

मी दोन्ही तुकडे घेऊन मंडळात गेलो. हरकरे सरांनी भिंग लावलं, अगदी डोळ्याला टेकवून, आणि त्यांना शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "अरे याच्यात मिरची आहे." वेदिका मॅडम हसून हसून खुर्चीवर बसल्या. चौपन्न वर्षांच्या नोकरीत आणि मंडळात सरांना दगडानं शिंकवलं नव्हतं. मग सरांनी परत भिंग लावलं. म्हणाले, "फार सुंदर आहे. एवढा लांब, एवढा शाबूत आपल्या कप्प्यात एकही नाही. कुठला?"

मी म्हटलं, आमच्या घरचा.

"घर म्हणजे ठिकाण नव्हे, धम्मानंद."

प्रत्येक दगडाच्या कार्डावर चार गोष्टी लागतात. काय आहे, कुठल्या ठिकाणचा, कुठल्या थरातला, कोणाला सापडला. ठिकाण नसेल तर दगड कप्प्यात जात नाही. खोलीच्या कोपऱ्यात एक निळी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात जातो. तिला ते बेवारस पेटी म्हणतात. एकाहून एक देखणे दगड आहेत त्यात, कोणी कुठून आणले कोणाला माहीत नाही. एक तर दार उघडं राहावं म्हणून दाराला लावतात.

पाच जानेवारीला प्रदर्शन आहे. तोवर ठिकाण सापडलं तर वरवंटा मधल्या टेबलावर. नाहीतर निळ्या पेटीत.

आई वाटताना तुझ्याशी बोलायची. मी त्या वेळी कधीच घरात नसायचो. तुला माहीत असेल. एक ओळ लिही. मला माफ केलं असं लिहू नको, फक्त ठिकाण लिही.

धम्मा


नागपूर
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

ताई,

कार्ड आलं. "आजीच्या खदानीतला आहे. आता लिहू नको." लिहू नको म्हणालीस तरी लिहितो आहे, कारण मी जाऊन आलो.

कार्ड वाचलं तशी पिशवी यमुताईंकडे टाकली, हातोडा घेतला आणि उमरेडची एस. टी. पकडली. आजी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उमरेडच येतं. लहानूमामांच्या अंगणात बाज, बाजेवर आजी, हिरवी पट्टी लावलेला डोळा. आणि खदान म्हणजे मामांची कोळशाची खदान, आपल्या घरात दुसरी खदान होतीच कुठे. बसमध्ये एका म्हाताऱ्या विणकरबुवांशेजारी जागा मिळाली. त्यांनी मला करवती काठ कसा विणतात ते भिवापूरच्या फाट्यापर्यंत समजावून सांगितलं. म्हणजे मी उमरेड सोडून पुढे गेलो होतो. परत आलो.

मामा रिटायर झाले तरी भोंगा वाजला की उठून बसतात. मला पाहून म्हणाले, "अबे, तू जिवंत हायस? कोणी म्हणे मनालीले आहे, कोणी म्हणे मेला." मी तुकडा दाखवला. मामांनी हातात घेतला, टकटक केलं, परत दिला.

"आमच्या खदानीतला? हा?"

"आजीच्या खदानीतला, असं ताईनं लिहिलं."

"तुझी आजी म्हणजे माही मावशी, माह्या घरी आली थे म्हातारपणी, मोतीबिंदू घेऊन. माह्या मावशीले म्या कधी खदानीत नेलं नाही गा. अन् आमच्याकडं असा दगड कुठून येईन? इथं वाळूचा दगड, काळी माती अन् कोळसा. एवढा टणक दगड दिसता तर आमची मशीनच मोडती."

पण मामांनी माळ्यावरून एक चपटा दगड काढला. कामावर असताना जपून ठेवलेला. त्याच्यावर पानं. जिभेच्या आकाराची, मधली शीर, बाजूच्या शिरा, सगळं जसंच्या तसं छापलेलं. मामा म्हणाले, "हे घेऊन जा. इथं माह्या सुनेनं दोनदा फेकायले काढलं." मी त्या दगडामुळे इतका खूश झालो की वरवंटा विसरलो. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "फोटो फ्रेम व्हय काय?"

सरांनी पान पाहिलं आणि टाळी वाजवली. ठिकाण माहीत, खदान माहीत, सापडलं कोणाला ते माहीत. कार्ड लगेच झालं, लहानूमामांचं नाव पडलं. मग सर म्हणाले, "पण हे पान पंचवीस कोटी वर्षांचं आहे. तुझा वरवंटा साडेसहा कोटींचा. उमरेडच्या कोळशात तो सापडणं शक्य नाही. तुझी बहीण चुकली असेल. किंवा चिडली असेल."

चिडली असशील तर चीड, तुझा हक्क आहे. पण ठिकाण खोटं सांगू नको. तू कधी खोटं बोलली नाहीस. मुंग्या सोडून.

आणि एक राहिलं. तू मला कधी विचारलं नाहीस, कारण विचारायला मी समोर नव्हतो. आई ॲडमिट होती तेव्हा मी हिमाचलात, स्पीतीत एका ढाब्यावर होतो. मोबाइल विकला होता. नवीन घेऊ, मग घरी फोन करू, असं रोज म्हणत होतो. तुम्ही बोलावणं पाठवलं असतं तर मी आलो असतो. पण पाठवणार कुठे, माझा पत्ताच कोणाकडे नव्हता.

वेदिका मॅडमनी मंडळाचा सभासद होण्याचा फॉर्म दिला आहे. नाव लिहिलं. शिक्षण अकरावी नापास, तेही लिहिलं. "कायमचा पत्ता" तेवढा कोरा आहे.

धम्मा


नागपूर
रविवार, २९ डिसेंबर २०२४

ताई वं,

कालचा चिखल अजून नखांत आहे, कागद खराब होईल, होऊ दे.

काल सकाळी पोस्टमन तुझं पाकीट देऊन गेला. पाकीट, कार्ड नाही. मला उघडायची भीती वाटली म्हणून खिशात ठेवून कामाला निघालो. पहिली ऑर्डर तर्री-पोहे, दोन प्लेट. ती देऊन खाली आलो, गाडीवर बसलो आणि फोडलं. तू लिहिलेलं मी इथे परत लिहितो, कारण मला ते माझ्या हातानं लिहून पाहायचं आहे.

"येड्या, उमरेडची खदान लहानूमामाची. आजीची खदान म्हणजे गिट्टीखदान. तिथं पोलीस ठाणं आहे, चौक आहे, दुकानं आहेत, म्हणून खदान नसेल असं वाटलं काय तुले? आजी लग्न होऊन आली तेव्हापासून तिथं गिट्टी फोडत होती. मोठा दगड घ्यायचा, फोडायचा, लहान करायचा, दिवसभर तेच. एक दिवस हा हातात आला, लांबट, गोल. मुकादम म्हणे फोड. तिनं नाही फोडला. पदराखाली घालून घरी आणला. आई वाटताना सांगायची, माह्या मायनं जन्मभर दगड फोडले, हा एक नाही फोडला. म्हणून मले तो पाहिजे होता. अन् तुले ठेवायले दिला थो यासाठी, की तो घेऊन तू कुठं पळू शकणार नाहीस, जड आहे."

ताई, हे वाचलं तेव्हा माझी गाडी गिट्टीखदान चौकात उभी होती.

मी दिवसातून तीनदा तिथे जातो. दहा महिने होत आले. गिट्टीखदान, गिट्टीखदान, ॲपमध्ये दाबतो, तोंडानं म्हणतो, आणि एकदासुद्धा तो शब्द फोडून पाहिला नाही. गिट्टीची खदान. माझ्या आजीची.

दुसरी ऑर्डर थंड झाली. त्या बाईंनी मला एक स्टार दिला, बरोबरच आहे.

मग मी गल्ल्या फिरायला लागलो. सगळीकडे घरं, फ्लॅट, सिमेंटचे रस्ते. खदान बुजवून वर वस्ती. एका मागच्या गल्लीत पाइपलाइनसाठी नाली खोदून ठेवली होती, माणसापेक्षा खोल, एका बाजूनं जेसीबी ती बुजवत येत होता. मी वाकून पाहिलं. वर भराव, मग पिवळी माती, मग काळा दगड, आणि तळाशी हातभर राखाडी पट्टा.

जेसीबीवाल्याला म्हटलं, थांब. तो म्हणाला, "काहून? तुमची गाडी पडली काय आत?" मी वेदिका मॅडमना फोन लावला. त्या सरांना घेऊन ऑटोत आल्या. सरांच्या गळ्यात मफलर, पायात घरच्या चपला. जेसीबीवाला म्हणाला, "आजोबा, दुपारपर्यंत मले बुजवाच लागते. काय निघालं, सोनं?"

सर म्हणाले, "गोगलगाय."

"जिवंत?"

"नाही रे, थोडी जुनी."

तो उतरून आमच्याबरोबर पाहायलाच लागला. त्यानं जेसीबीची बादली खाली करून मला नालीत सोडलं. मी गुडघाभर चिखलात, सर वरून ओरडतात, डावीकडे, अजून डावीकडे, मॅडम फोटो काढतात, गल्लीतल्या बायका गच्चीवरून विचारतात नळ कधी येणार. राखाडी दगडात गोगलगायी निघाल्या, तीन, चार, मग मोजल्या नाहीत. दगड तसाच, टणक, काचेसारखा वाजणारा. पण लाकूड दिसेना. जेसीबीवाला म्हणाला आता दहा मिनटं. मी हात घालून पट्ट्याच्या खालची माती उकरली आणि अंगठ्याएवढा एक गोल तुकडा हातात आला. थुंकी लावून पुसला.

मुंग्या.

वर दिला. वेदिका मॅडमनी हातोडा काढला, सवयीनं. म्हणाल्या, "ताजी कड पाहू."

मी खालून ओरडलो, "नका फोडू."

सर म्हणाले, "मग खात्री कशी होणार?"

मी म्हटलं, "टोक पाहा ना सर. टोकाला सगळं दिसते."

सरांनी मफलर मागे टाकला, भिंग लावलं, टोक पाहिलं. मग खिशातून वरवंट्याचा छोटा कपचा काढला, फोडताना उडालेला, तो ते सोबत घेऊन आले होते. दोन्ही शेजारी धरले. यावेळी शिंकले नाहीत. फक्त म्हणाले, "हाच थर."

आम्ही बाहेर आलो आणि जेसीबीवाल्यानं नाली बुजवली. त्यानं एक गोगलगाय पोरीसाठी खिशात टाकली. मॅडमनी त्याला ठिकाण आणि तारीख कागदावर लिहून दिली. म्हणाल्या, हे हरवलं तर ती बेवारस.

धम्मा


नागपूर
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

मेघाताई,

प्रदर्शन झालं. शाळेची पोरं आली, पत्रकार आले, एक माणूस बायकोच्या पोटातून निघालेला खडा घेऊन आला, ओळखून द्या म्हणाला. लहानूमामा सुनेला घेऊन आले होते. पानावरचं स्वतःचं नाव तिला दोनदा वाचायला लावलं. यमुताई मधल्या टेबलापुढे बसल्या त्या उठल्याच नाहीत. येईल त्याला सांगत होत्या, "याच्यावर वाटलेली चटणी म्या खाल्लेली हाय."

टेबलावर अर्धाच वरवंटा आहे, ताजी कड समोर, आणि शेजारी तो अंगठ्याएवढा तुकडा, न फोडलेला. कार्ड मॅडमनी लिहिलं. दगड झालेलं ताडवर्गीय लाकूड. गिट्टीखदान, नागपूर. दोन लाव्हांमधला तळ्याचा थर. सापडला: तुळसाबाई, गिट्टी फोडणाऱ्या, यांना. मी म्हटलं, खाली अजून एक ओळ टाका. फोडला: धम्मानंद. मॅडम म्हणाल्या, असं कार्डावर लिहीत नाहीत. सर म्हणाले, "लिहा. खरी माहिती आहे."

आता खरं काम. तुझ्या पाकिटातलं पत्र त्या दिवशी मी "जड आहे"पर्यंत वाचलं आणि पळत सुटलो, तुला माझी सवय माहीत आहे. कागदाच्या मागच्या बाजूच्या शेवटच्या तीन ओळी मी काल वाचल्या. "अर्धा तिथं राहू दे. अर्धा माझा. पोस्टानं पाठवू नको, पोस्टवाले फोडतील."

मी काल दिवसभर ही ओळ घेऊन फिरलो. पोस्टानं नको. कुरिअर म्हणजे तेच झालं. कणकवलीला जाणारं माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नाही. यमुताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता तरी समजलं काय, का हेही फोडूनच पाहतो?"

पंधरा तारखेच्या बुधवारी मडगावची गाडी आहे, कणकवलीला थांबते. तिकीट काढलं. वरवंटा लुगड्याच्या तुकड्यात, तो जेवणाच्या चौकोनी पिशवीत, पिशवी पाठीवर. जड आहे, मध्येच कुठे उतरणार नाही. तुला नको असेल तर कळव, नंबर तोच आहे.

खरं सांगायचं तर काल संध्याकाळी तुझा नंबर सहज लावून पाहिला. एवढे दिवस लावला की लगेच कट व्हायचा. काल रिंग गेली. दोनदा वाजली आणि मीच घाबरून कट केला.

फॉर्म भरून दिला. कायमच्या पत्त्यात यमुताईंच्या शेजारची खोली लिहिली, आणि खाली, नसल्यास, तुझा.

अर्ध्या वरवंट्यावर वाटता येतं, मी करून पाहिलं, फक्त एकच हात मावतो. मिरच्या आणून ठेव. जांभ्याचा तुकडाही.

धम्मा